जोडाची जागा

खारूच्या बुटाची नाडी सुटली होती म्हणून मी फुटपाथवर वाकलो. त्यात नवीन काही नव्हतं. ती नाडी रोज सुटते, रोज मी चिडतो, आणि रोज ती पाय माझ्या गुडघ्यावर ठेवून, मान वर करून, समोरच्या दुकानात टांगलेल्या सायकली बघत राहते, जसा काही मी तिचा पगारी नोकर आहे. त्या दुपारी बूट घट्ट लागत होता. टाचेशी बोट घालून बघितलं तर बोट आत जाईना. वाढतात कशी ही पोरं, असं पुटपुटत मी घसरलेला मोजा वर ओढायला गेलो आणि हात तिथेच थांबला. नडगीवर डाग होते. एक ताजा, जांभळा. एकाच्या कडा पिवळट पडलेल्या. गुडघ्याच्या मागे, जिथे मूल सहसा आपटत नाही अशा जागी, आणखी एक. मी इतकी वर्षं चष्म्याच्या काचा घासत आलोय. काचेवर केसाएवढा ओरखडा राहिला तरी मला दिवसभर चैन पडत नाही. आणि ही पोर रोज माझं बोट धरून चालत होती.

"कुठे पडलीस गं?"

"नाही पडले."

"मग कुणी ढकललं?"

"कुणी कशाला ढकलेल? आपोआप आलेत ते." मग तिने पाय काढून घेतला आणि मोठ्या माणसासारखा आवाज खाली आणून म्हणाली, "आईला सांगू नकोस हं मामा. ती लगेच पिशवी भरते."

रस्ता ओलांडताना तिचा हात मी इतका घट्ट धरला की तिने तो सोडवून घेतला. आपोआप आलेत. मला तो शब्द आवडला नाही. घरी पोचेपर्यंत मी तिला सायकलींबद्दल, बाईंबद्दल, डब्याबद्दल काय काय विचारत राहिलो आणि तिचं एकही उत्तर माझ्या डोक्यात शिरलं नाही. पोटात गोळा आला होता. पोटात म्हणजे नेमका त्या जागी, जिथे माझा आडवा व्रण आहे, आणि त्याचाच मला राग येत होता, कारण तिथे काहीही होण्याचा आता संबंध नव्हता. तिथून जे काढायचं ते काढून झालं होतं.

खारू म्हणजे माझी भाची. ऑपरेशननंतर औषधांनी तिचे गाल एवढे फुगले होते की दाजी, म्हणजे तिचे वडील, म्हणाले, ही खारीसारखी गालात काहीतरी साठवून बसलीये; तेव्हापासून ते नाव चिकटलं. पुढे गाल उतरले, नाव काही उतरलं नाही. जन्मतःच तिच्या पित्ताच्या नळ्या बंद होत्या. एका ऑपरेशनवर चार वर्षं ढकलगाडी चालली, मग यकृतच बदलावं लागेल असं ठरलं. ताईचा रक्तगट जुळेना. दाजींचा जुळला तर त्यांच्या यकृतावर चरबी निघाली, आणि बिचारे महिनाभर अपराध्यासारखे कोपऱ्यात बसून जेवले. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी घरातलं शेंडेफळ, एकटा जीव, भाड्याच्या खोलीत राहणारा. माझ्याकडे कुणी कधी काही मागितलं नव्हतं, कारण माझ्याकडे देण्यासारखं काही असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टरांनी माझ्या यकृताचा डावीकडचा तुकडा कापून तिच्यात बसवला. तुमचं परत वाढेल, तिचंही वाढेल, म्हणाले, आणि तसंच झालं. मग जो तो तिला मामाच्या काळजाचा तुकडा, काळजाचा तुकडा म्हणत सुटला. पहिल्यांदा मी हसलो. पुढे पुढे ओठ नुसते ताणायला शिकलो. आता कुणाच्या तोंडावर तो विनोद येताना दिसला की मी आधीच विषय बदलतो.

ताईला सांगितलं, अर्थातच. फोनवर मला फक्त चेन ओढल्याचा आवाज आला. त्यांच्या दाराआड एक निळी पिशवी कायम भरलेली असते. खारूचे कपडे, औषधांचा डबा, एक जुनी चादर, जुने रिपोर्ट. ती भरलेलीच असते, तरीही ताई ती पुन्हा भरते. सगळं बाहेर काढायचं, घडी मोडायची, घडी घालायची, आत ठेवायचं. आमची आई परीक्षेच्या सकाळी आमचं दप्तर असंच रिकामं करून भरायची, आणि ताई तेव्हा तिच्यावर करवादायची. मला ते आठवलं आणि मी फोन कानाला तसाच धरून दुकानात उभा राहिलो. समोरचं गिऱ्हाईक नाकावर रिकामी फ्रेम चढवून माझ्याकडे बघत होतं. मी सवयीने विचारलं, "आता बरं दिसतंय की आधी?" त्यात काचाच नव्हत्या.

रक्तात प्लेटलेट फार कमी निघाल्या, म्हणून ते डाग. कमी का, तर प्लीहा सुजलीये. ती त्या गिळून बसते. प्लीहा का सुजली, ते बघायला सोनोग्राफी. या वेळी मी आत गेलो. आजवर कधी गेलो नव्हतो, कारण माझी जागा ठरलेली असते: बाहेरच्या बाकावर, भिंतीच्या बाजूला. ऑपरेशननंतरच्या पहिल्या तपासणीला मी दमून तिथे बसलो होतो, आणि सगळं चांगलं निघालं. दुसऱ्या वेळी मी उभा होतो तर ताई म्हणाली, "अरे, बस ना तिथे." तिसऱ्या वेळी त्या जागी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ताईने त्यांना काय सांगितलं देव जाणे, पण ते उठले. आम्ही सगळे शिकलेली माणसं. दाजी तर शाळेत विज्ञान शिकवतात. कुणी हे कधी उघड बोललं नाही, पण मामा बाकावर बसला की रिपोर्ट चांगला येतो हे आमच्या घरात पाणी उतारावरून वाहतं इतकं पक्कं झालं. आणि रविवारचं जेवण. दर रविवारी मी ताईकडे जेवायला जातो आणि ती माझ्यापुढे उकडलेल्या भाज्यांची ताटली ठेवते. तेल नाही, तिखट नाही. बाकीचे चमचमीत खातात. खारूसुद्धा खाते, कारण डॉक्टरांनी तिला सगळं खायची परवानगी दिलेली आहे. पथ्य माझं. "यकृत जपायला पाहिजे," ताई म्हणते. कुणाचं, ते मी विचारलं नाही. माझ्या आतड्यात काय गेलं याचा खारूच्या पोटातल्या तुकड्याशी आता काडीचा संबंध नाही हे तिला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि तरी मी ते उकडलेलं गाजर मुकाट्याने चावत बसतो.

मागच्या तपासणीला मी बाकावर नव्हतो. दुसऱ्या शहरात होतो. एका मोठ्या कारखान्यात, काचांच्याच कामासाठी, मला बोलावलं होतं. ताईला सांगितलं की दुकानाचा माल आणायला चाललोय. काम मिळालं. मला ते हवं होतं, अगदी मनापासून. त्या शहरात मला कुणी ओळखत नव्हतं. तिथे एका टपरीवर उभं राहून मी काहीतरी तळलेलं, झणझणीत खाल्लं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खात राहिलो. कुणी म्हणालं नाही, जपा हं. परत आलो, तपासणी ठीक झाली होती. सांगू आज, सांगू उद्या, असं करता करता होकार कळवायची वेळ आली आणि खारूच्या बुटाची नाडी सुटली.

तर सोनोग्राफीच्या वेळी मी आत गेलो. खोलीत अंधार, पडद्याचा तेवढा उजेड. "गार लागेल," असं खारूनेच डॉक्टरांना सांगितलं, त्या बोलायच्या आधी. पोटावर तो चिकट लगदा लावून त्या यंत्राचा दांडा फिरवू लागल्या आणि आवाज आला. मला वाटलं होतं ठोके ऐकू येतील. ठोके होतेच, बारीक, घाईघाईतले. पण त्यांनी दांडा जरासा कलता केला आणि एक सलग, चिरका आवाज सुरू झाला, नळाच्या तोंडावर बोट दाबून धरल्यावर पाणी चिरकतं तसा. तोवर डॉक्टर खारूशी शाळेबद्दल बोलत होत्या. वाक्य त्यांनी अर्ध्यावरच सोडलं. मग आवाज बंद केला. तो आवाज बंद करणं मला अजून विसरता येत नाही.

"ही यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर," त्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "इथे अरुंद झालीये. पुढे जायला वाट नाही म्हणून रक्त मागे तुंबतंय. त्यामुळे प्लीहा सुजली."

"इथे म्हणजे कुठे?"

"जोडाच्या जागी. इथपर्यंत तिची शीर आणि इथून पुढे यकृताबरोबर आलेली. म्हणजे, देणाऱ्याची."

"मग अरुंद कुणाची झालीये? तिची की माझी?"

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. देणारा मीच हे त्यांना तेव्हा कळलं असावं. "जोडाची," त्या म्हणाल्या.

हे काही उत्तर नाही, असं मला वाटलं. मला अजूनही वाटतं. गेले आठ दिवस मी त्या एका शब्दाशी भांडतोय. काच घासताना, दाढी करताना, जिना चढताना. दोन टोकं असतात, त्यातलं एक कुणाचं तरी असणार आणि बिघाड कुठल्यातरी टोकाला सुरू झाला असणार. तिच्या टोकाला असेल तर तिचं नशीब, आणि माझ्या टोकाला असेल तर... पुढे मला विचार करवत नाही. तरी करतो. माझ्यात काही खोट असणारच, ती बाहेर पडायला वेळ लागला एवढंच. आमच्या वडिलांना माझ्या हातून काही नीट होईल याची कधी खात्री नव्हती. मी खिळा ठोकायला घेतला की ते खोलीतून निघून जात. ते गेल्याला कितीतरी वर्षं झाली, आणि अजून मी काही ठोकायला घेतलं की पाठीमागे दार लागल्याचा भास होतो. आणि दुसरा विचार, जो पहिल्याहून येडपट आहे आणि म्हणूनच जास्त चिवट: मी बाकावर नव्हतो. मी दूर गेलो, मला दूर जायचं होतं, आणि इथे ती शीर आवळत गेली.

आज सकाळी खारूला आत नेलं. बेशुद्ध करून, पोटावरून सुई थेट यकृतातल्या शिरेत घालायची, सुईतून तार, तारेवरून एक बारीक फुगा, आणि जोडाच्या जागी तो फुगवायचा. हे करणाऱ्या डॉक्टरीणबाई वेगळ्या. छोट्याशा, झरझर बोलणाऱ्या. त्यांनी काही लपवलं नाही. बहुतेक वेळा शीर उघडते. कधी फुगा काढला की पुन्हा मिटते, मग आत जाळीची नळी ठेवावी लागते, ती वाढत्या मुलात शक्यतो नको. आणि क्वचित तिथेच रक्ताची गुठळी होते. तसं झालं तर यकृत हातचं जाऊ शकतं. "मग?" दाजींनी विचारलं. मग नवीन यकृत. ताईने माझ्याकडे बघितलं, अगदी पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, आणि नजर काढून घेतली. माझ्याकडून दुसऱ्यांदा घेता येत नाही हे तिला माहीत होतं. तरी तिने बघितलं. तिचा मला राग आला नाही. द्यायला काही उरलं नाही याची लाज वाटली, आणि मग त्या लाजेचा राग आला.

स्ट्रेचरवर चढताना खारूने विचारलं होतं, "फुगा कुठल्या रंगाचा आहे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बिनरंगाचा. "मग काय मजा," खारू म्हणाली. आणि दारातून आत जाताना तिने माझ्याकडे वळून पोटावर बोट दाबलं. मी ओरडलो, "आई गं!" नर्स दचकली. खारू हसत आत गेली.

हा आमचा जुना खेळ. मूळ ऑपरेशननंतर आम्ही दोघं वेगवेगळ्या खोल्यांत होतो. मला चालता यायला लागल्यावर पोट धरून, भिंत धरून मी तिच्या खोलीपर्यंत गेलो. तिथे एक डॉक्टर तिचं पोट तपासायला आले होते आणि ती कुणाला हात लावू देत नव्हती. रडतही नव्हती, नुसती ओठ आवळून, दोन्ही मुठी पोटावर गच्च धरून पडली होती. ताईने हरतऱ्हेने समजावलं. शेवटी डॉक्टरांनी तिची मूठ बाजूला करून हलकेच बोट टेकवलं, आणि का कोण जाणे, दारातून मी ओरडलो, "आई गं! मला दुखलं ना!" तिने डोळे उघडले. डॉक्टर हुशार, त्यांनी पुन्हा बोट टेकवलं. मी पुन्हा ओरडलो. मग तिने स्वतःच बोट टेकवून बघितलं. मी कळवळून भिंतीला टेकलो, आणि ते तर पुरतं खोटंही नव्हतं, हसताना माझे टाके खरंच ओढत होते. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा तेव्हा हसली. ताई तोंडात पदर कोंबून खिडकीकडे वळली. मी आयुष्यात एवढं उपयोगी कधी पडलो नव्हतो, यकृत देतानासुद्धा नाही. मग तो खेळ घरी आला, फोनवर आला. दुकानात असलो की ताईच्या फोनवरून ती म्हणायची, "मामा, दाबलं हं," आणि मी गिऱ्हाइकांसमोर आई गं करायचो. लोकांना वाटायचं याला काहीतरी आजार आहे. मला बरं वाटायचं. कुणाच्या तरी बोटाशी माझी तार जोडलेली आहे असं वाटायचं.

बाकावर मी माझ्या जागी बसलोय, भिंतीच्या बाजूला. दाजी येरझाऱ्या घालतात. कोपऱ्यातल्या यंत्रातून कॉफी काढतात, न पिता खिडकीत ठेवतात, पुन्हा काढायला जातात. खिडकीत कपांची रांग लागलीये. ताई माझ्या शेजारी निळी पिशवी मांडीवर घेऊन बसली आहे आणि चेन उघडते, लावते, उघडते. मला त्या आवाजाने वेड लागेल असं वाटलं.

"मागच्या वेळी तू नव्हतास," ती एकदम म्हणाली.

"ताई, त्याचा काय संबंध?"

"संबंध आहे असं कुठे म्हणतेय मी? नव्हतास, एवढंच म्हणतेय."

"रिपोर्ट चांगला आला होता त्या वेळी."

"हो. तेव्हा आला." चेन. "मालाचं झालं का पण काम? काही बोलला नाहीस नंतर."

आणि मी बोलून गेलो. हीच वेळ का, ते मला सांगता येणार नाही. पोटात साठलेलं बाहेर पडलं. "माल आणायला गेलो नव्हतो. मला तिकडे नोकरी मिळालीये. पुढच्या महिन्यात जायचंय." दाजी कप हातात धरून तिथेच थांबले. ताईने माझ्याकडे बघितलंही नाही. पिशवी मांडीवरून उचलून तिने आमच्या दोघांच्या मधे बाकावर ठेवली, नीट, कडेला कड लावून.

"आत्ताच सांगायचं होतं?" ती म्हणाली. मग म्हणाली, "जा बाबा. तुला काय बांधून ठेवलंय का कुणी?" आणि त्यानंतर, अगदी हलक्या आवाजात, मला ऐकू येऊ नये अशा बेताने, "आज मात्र उठू नकोस इथून."

मी उठलो नाही. मला लघवीला लागली होती, तरी उठलो नाही. माझ्यासारख्या माणसाने, ज्याला काच किती जाड आणि किती पातळ हे बोटांनी कळतं, एका लाकडी बाकाला चिकटून बसावं आणि आत एका मुलीची शीर त्यामुळे उघडेल असं मनाच्या तळाशी मानावं, याचं हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. आत आत्ता फुगा फुगत असेल. व्रणाखाली काही जाणवतंय का ते मी बघत होतो, खरंच बघत होतो, डोळे मिटून, कान देऊन. काही जाणवत नव्हतं. भूक लागली होती.

आणि तेव्हा मला उगाच एक रविवार आठवला, नाडी सुटली त्याच्या आधीचा. आम्ही जेवत होतो. मी ताटलीतलं उकडलेलं टोचत मनातल्या मनात होकाराचं वाक्य जुळवत होतो. समोर खारू बसली होती, एक हात टेबलाखाली. ती माझ्याकडे बघत होती. बराच वेळ, डोळे बारीक करून, वर्गात फळ्यावरचं वाचतात तशी. मी तिला डोळा मारला. तिने हात वर घेतला आणि जेवायला लागली. त्यात आठवण्यासारखं काय होतं? पण ती नजर आठवली की मला बसल्या जागी बूड हलवावंसं वाटत होतं. आत्ताही वाटलं.

दार उघडून डॉक्टरीणबाई आल्या. टोपी काढलेली, केस कपाळाला चिकटलेले. "उघडली," त्या म्हणाल्या. "छान उघडली. फुगा काढल्यावरही उघडीच राहिलीये. जाळी लागली नाही." दाजी खाली बसले, जमिनीवरच. ताई दार उघडताच उठली होती, ती तशीच उभी राहिली, आणि तिने माझा खांदा इतक्या जोरात धरला की कळ गेली. आठवडाभर लक्ष ठेवावं लागेल, रक्त पातळ राहायचं औषध द्यावं लागेल, पुन्हा अरुंद झाली तर पुन्हा फुगा, असं त्या भराभर सांगत गेल्या. मी विचारलंच. सगळ्यांसमोर. "पण झाली कशामुळे? कुणाच्या बाजूने?"

त्यांना आधी कळलंच नाही. मग त्या हसल्या, थकलेल्या माणसाचं साधं हसू. "कुणाच्या बाजूने काय? अहो, पोरगी वाढली. जोडलं तेव्हा एवढीशी होती. टाके घालताना थोडी ढील ठेवलेली असते, पण जोडाच्या जागी शिरेची भिंत घट्ट बसते, व्रणासारखी. दोन्हीकडची शीर वाढली, जोड तेवढाच राहिला. तिची उंची बघितलीत का वर्षभरात?"

मला तो बूट आठवला. टाचेशी बोट गेलं नव्हतं. वाढतात कशी ही पोरं, म्हणालो होतो मी, आणि ते म्हणून मोजा वर ओढला होता. बाकावरून मी उठलो तेव्हा पाय बधिर झाले होते. एवढंच होतं. ती वाढली, मी दूर गेलो म्हणून नव्हे, जवळ बसलो म्हणूनही नव्हे. मला हलकं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही; पण त्या हलकेपणात काहीतरी हरवल्यासारखं होतं, खिशातली किल्ली चाचपावी आणि ती जागेवर नसावी तसं. त्या आजाराला माझी काही गरज नव्हती. मी त्यात नव्हतोच.

दुपारी आम्हाला एकेकाला आत सोडलं. ताई आधी जाऊन आली, औषधं आणायला म्हणून दाजींबरोबर खाली गेली, आणि मी पलंगाजवळ जाऊन बसलो. खारू जागी होती, ओठ सुकलेले, पोटावर पट्टी. तिने माझ्याकडे बघितलं ते काळजीने. त्या नजरेची मला कल्पना नव्हती.

"मामा, तुला खूप दुखलं का?"

"मला? मला कशाला दुखेल?"

"फुगा घातला ना."

मी काहीतरी गंमत करणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण ती पुढे बोलत होती, जड जिभेने, शब्द सांभाळून. "मला आधीपण दुखायचं. इथे. टोचायचं." तिने हात डावीकडे नेला, बरगडीच्या खाली, जिथे ती सुजलेली प्लीहा होती. तिथे माझ्यातलं काही नव्हतंच.

"कधीपासून?"

"खूप दिवस."

"अगं मग सांगितलं का नाहीस?"

"तुला कुठे दुखत होतं?" ती म्हणाली. मी मुद्दाम विचारतोय असं तिला वाटलं असावं. "मी बघितलं ना. जेवताना मी दाबलं, खालून. जोरात. तू नुसता जेवत होतास. डोळापण मारलास. मग मला कळलं की ते खरं दुखत नाहीये."

यंत्र टिकटिकत होतं. मी तिच्या हाताकडे बघत होतो, त्या छोट्या, सुईच्या पट्टीने बांधलेल्या हाताकडे. हसवायला म्हणून दिलेला एक आवाज. तिने तो मापाला धरला होता. मामा ओरडला तर दुखणं खरं, नाही ओरडला तर खोटं. पोर किती दिवस टेबलाखाली हात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली होती, आणि मी मनात तिकडच्या नोकरीची वाक्यं जुळवत होतो. डाग पडले नसते, नाडी सुटली नसती, तर ती अजून बघतच राहिली असती.

"खारू," मी म्हणालो, "ऐक. मला काही कळत नाही."

"काय कळत नाही?"

"तुला दुखलेलं. मला कधीच कळलं नाही. मी खोटं ओरडायचो."

ती विचार करत राहिली. "फोनवर पण?"

"फोनवर पण."

"आत्ता, आत जाताना पण?"

"तेव्हा पण. ते माझ्या पोटातून काढलं ना, तेव्हाच ते तुझं झालं. त्यातलं मला काही कळत नाही. तुला दुखलं तर फक्त तुलाच कळणार. मग तू सांगायचं. आईला, मला, बाईंना, कुणालाही. सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही."

तिचा विश्वास बसलेला नव्हता. मला तो कपाळाला आठी पाडायचा प्रकार माहीत आहे. ताईचा आहे तो. तिने हळूच दुसरा हात पांघरुणाखालून काढला, पट्टीच्या कडेला आणला आणि एक बोट पोटावर टेकवलं. आमच्या नेहमीच्या जागी. आणि डोळे माझ्या तोंडावर लावले.

मी गप्प बसलो. इतकं साधं काम मला आजवर इतकं अवघड गेलं नव्हतं. तो आवाज घशापर्यंत आला होता, दोन वर्षांच्या सवयीने, आपणहून. पलंगाचा दांडा मी धरून ठेवला. तिने बोट थोडं आणखी दाबलं. माझी वाट बघत राहिली. तिचे डोळे हळूहळू भरून येत होते आणि ती ते मिटत नव्हती, मी अजूनही ओरडेन म्हणून. मला ओरडायचं होतं. आयुष्यात दुसरं काही नको, तेवढं एकदा ओरडू द्या, असं झालं होतं. मी तोंड मिटून तिच्याकडे बघत राहिलो.

मग तिची नजर माझ्यावरून निघाली. ती स्वतःच्या बोटाकडे बघायला लागली, नवीन काही हाती लागल्यासारखी, आणि अगदी हळू, कुणाला ऐकवायचं नसल्यासारखी म्हणाली, "आई गं."

ताई दारात आली होती. हातात औषधांची पुडी. "काय झालं? कुणाला काय झालं?" ती माझ्याकडे बघून विचारत होती, नेहमीप्रमाणे माझ्याकडे.

"तिला विचार," मी म्हणालो. "ताई, तिला दुखतंय."